घर जुने झाले नाही, सिमेंटने मारले

बदलापूर गावात काही जुनी दगडी घरे अजून उभी आहेत. ओल आली की ठेकेदाराकडे एकच औषध असते, सिमेंटचा गिलावा. आमच्या नात्यातल्या एका घरालाही तेच मिळाले. तिसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगला, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजले. आता तोच ठेकेदार म्हणतो, 'घर जुने झाले, पाडा!'

दगडी भिंत पायातून आणि पावसातून ओल घेणारच. चुन्याचा गिलावा ती बाहेर जाऊ देतो, सिमेंट कोंडून ठेवते. भिंत जरा हलली की सिमेंटला तडा जातो आणि पाणी त्यातूनच आत शिरते.

चुन्याचे काम वेळखाऊ आहे, मान्य. तो विरवून मुरवायचा, वाळूसह घाणीत मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ, हिरड्याचे पाणी घालत. पण दर चार पावसाळ्यांनी नवा गिलावा करायचा खर्च कोण मोजतो?

शेजारच्या अंबरनाथचे १०६० सालचे दगडी शिवमंदिर पाहुण्यांना आपण अभिमानाने दाखवतो. वारसा देवळामशिदींपुरताच असतो का? आजीच्या ओट्याचा नसतो? घर पाडण्याआधी ते सिमेंट खरवडून काढा आणि चुना जाणणारा गवंडी शोधा.