महिनाभर घर कोण सांभाळणार?

व्यसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच येतो. पण मिश्री, झोपेच्या गोळ्या, दारू यांत अडकलेल्या बायकाही आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के होतं, स्त्रियांचं १.६. आकडा लहान, म्हणून ती आणखीच लपून राहते.

डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. असे उपचार राहून, महिनाभर तरी घ्यावे लागतात. आधी शरीराचा त्रास उतरतो, मग समुपदेशन आणि गटचर्चा. मारहाण, एकटेपणा हे पुरुषांसमोर बोलणं कठीण, म्हणून जागा वेगळी हवी.

नवरा दाखल झाला तर घर बायको सांभाळते. तिला दाखल करायचं म्हटलं की प्रश्न येतात : मुलांचे डबे कोण करणार? लोकांना काय सांगायचं? यातच उपचार लांबतात.

पहिल्याचं उत्तर आपल्या पिढीकडे आहे : डबे आपण करू. दुसऱ्याचं : ‘तिच्यावर उपचार चालू आहेत’, एवढंच पुरे.

सुरुवात कुठून करायची कळत नसेल, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.