विंडोज मारून घेण्याआधी वाचा: 'डी ड्राइव्ह'मधली कॉपी म्हणजे बॅकअप नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही. फक्त नवीन सुरक्षा अपडेट येणं थांबलं. पण तेव्हापासून मी पुण्याहून नगरला घरी आलो की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ मारून घेऊ का?" (कागदावर आता अहिल्यानगर झालंय, बोलताना आम्ही अजून नगरच म्हणतो.) विचारणाऱ्यांत दुकानदार आहेत, सेवा केंद्र चालवणारे आहेत, लोणी-संगमनेरला इंजिनिअरिंग करणारी मुलं आहेत.

माझा उलटा प्रश्न असतो, "बॅकअप घेतलाय का?" त्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, सगळं डी ड्राइव्हला टाकलंय."

या लेखाचा विषय हे उत्तरच आहे. विंडोज १० च्या निमित्ताने भरपूर कॉम्प्युटर फॉरमॅट होत आहेत, विकले जात आहेत, त्यात नवीन डिस्क बसत आहेत. अपडेट थांबल्यामुळे जितका धोका आहे, तितकाच या उलथापालथीत फायली हरवण्याचा आहे. आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आत्ता तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले अनेक लॅपटॉप इथेच अडकतात. दुकानात ही अट चुकवून विंडोज ११ टाकून मिळतं, पण अशा मशिनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

दुसरा पर्याय आहे ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट. घरगुती वापरासाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून 'विंडोज बॅकअप'मधून सेटिंग सिंक केल्या, तर ती फुकट मिळते. त्यामुळे अनेकांनी हे बटण पहिल्यांदाच दाबलं आणि 'चला, बॅकअप झाला' असं धरून चालले. तसं नाहीये.

या अ‍ॅपमधून सेटिंग, वायफाय पासवर्ड, अ‍ॅपची यादी आणि तुम्ही निवडलेले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे फोल्डर वनड्राइव्हवर जातात. फुकट जागा मिळते ५ जीबी. लग्नाच्या एका व्हिडिओतच ती संपते. जागा संपली की पुढच्या फायली वर जाणं थांबतं आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या लाल खुणेकडे कुणी बघत नाही.

सी आणि डी: घर एकच, खोल्या दोन

बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नसतात. एकाच डिस्कचे ते दोन भाग असतात. फॉरमॅट करताना फक्त सी पुसला तर डी वाचतो, म्हणून ही सवय पडली. पण डिस्कच खराब झाली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा विंडोज टाकणाऱ्याने घाईत सगळे पार्टिशन उडवले, तर दोन्ही एकदमच जातात.

यात आता आणखी एक बदल झालाय. जुना कॉम्प्युटर फास्ट करायला लोक त्यात एसएसडी टाकून घेतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळायची, कारण तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असायची. एसएसडीमध्ये 'ट्रिम' नावाची सोय असते. फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला ती जागा मोकळी झाल्याचं कळवतं आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. त्यामुळे "काढून देईल कुणीतरी" हा भरवसा एसएसडीवर चालत नाही.

मोबाइल भरला की आपण काय करतो?

तुमच्यापैकी अनेकांसाठी कॉम्प्युटर म्हणजे मोबाइलचं गोदाम आहे. स्टोरेज फुल झालं की केबल लावायची, फोटो कॉम्प्युटरवर टाकायचे आणि मोबाइलमधून डिलीट मारायचे. कॉपी केल्यामुळे बॅकअप घेतल्यासारखं वाटतं. पण डिलीट मारल्यावर कॉम्प्युटरवरची कॉपी ही एकमेव कॉपी उरते. फोटोंनी फक्त जागा बदलली.

सिंकचंही तसंच. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह हे सगळीकडे एकसारखं ठेवण्यासाठी आहेत. तुम्ही लॅपटॉपवर फोल्डर उडवला की तो क्लाउडवरूनही उडतो. रिसायकल बिनमध्ये तो साधारण ३० दिवस असतो, पण चार महिन्यांनी लक्षात आलं तर काय उपयोग? शिवाय दोन वर्षं न वापरलेलं गूगल अकाउंट डेटासकट डिलीट करण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी काढलेला तो दुसरा जीमेल आठवतोय का? आज एकदा लॉगिन करून घ्या.

अ‍ॅपचा बॅकअप होत नाही, परतीची वाट जपता येते

फाइल कॉपी होते, प्रोग्रॅम तसा होत नाही. प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना त्याचे तुकडे विंडोजमध्ये ठिकठिकाणी जाऊन बसतात. 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर उचलून नवीन मशिनवर टाकला तर तो बहुतेकदा चालत नाही. 'विंडोज बॅकअप' अ‍ॅपची यादी लक्षात ठेवतं, पण दुकानातून सीडीवर घेतलेलं सॉफ्टवेअर ते परत बसवून देत नाही.

आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर हा प्रश्न तीन ठिकाणी हमखास येतो.

पहिलं ठिकाण टॅली. टॅलीचा डेटा साधारणपणे डॉक्युमेंट्समध्ये नसतो, त्याचा वेगळा फोल्डर असतो. म्हणजे डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतला तरी वर्षभराचा हिशोब राहून जातो. टॅलीप्राइममध्ये 'डेटा' मेनूत 'बॅकअप' आहे, तोच वापरा. लायसन्स दुसऱ्या मशिनवर न्यायचं असेल तर जुन्या मशिनवर ते आधी सरेंडर करा.

दुसरं ठिकाण मराठी फॉन्ट. लग्नपत्रिका, फ्लेक्स, जुन्या संस्थांचे अहवाल यांतलं बरंच काम युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घ्या. फाइल जपली पण फॉन्ट आणि सॉफ्टवेअर गेलं, तर ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अशा कामाचा बॅकअप म्हणजे फाइल, फॉन्टचा फोल्डर, इन्स्टॉलर आणि असेल तर यूएसबी लॉक, असं सगळं मिळून. महत्त्वाच्या फायलींची पीडीएफसुद्धा काढून ठेवा. काही झालं तरी ती वाचता येते.

तिसरं ठिकाण सेवा केंद्रांतली उपकरणं. अंगठ्याचं मशिन, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, प्रिंटर यांचे ड्रायव्हर. टोकनमधली सही कॉपी होत नाही, पण ड्रायव्हर सापडला नाही तर ती वापरताही येत नाही.

बॅकअप कुठे होता, यावर सगळं ठरतं

महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. २१ मार्च २०२१, रविवार. एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. मुंबईचं मुख्यालय आणि राज्यातल्या १६ प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं. नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत ज्यांचं काही काम असतं, त्यांना या ऑनलाइन सेवा किती लागतात हे माहीत आहे. एमआयडीसीच्या त्या वेळच्या निवेदनानुसार बॅकअप क्लाउडवर, नेटवर्कच्या वेगळ्या भागात होता, म्हणून त्याला लागण झाली नाही.

आता उलटं उदाहरण. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी आपल्या फायली जिथे ठेवायचे, ती 'जी-ड्राइव्ह' यंत्रणा जळाली. ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण बाहेर दुसरी कॉपीच नव्हती. तंत्रज्ञानात कोरिया आपल्या कितीतरी पुढे आहे, पण त्याचा इथे उपयोग झाला नाही.

हाच नियम घरालाही लागू होतो. कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. कॉम्प्युटरशेजारच्या कपाटातली डिस्क पाण्यात त्याच्यासोबतच भिजते. २०२५ च्या सप्टेंबरात पाथर्डी-शेवगाव भागात अतिवृष्टीने काय केलं ते आपण पाहिलंय. मूळ फाइल ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने कॉपीही जाणार असेल, तर तिला बॅकअप म्हणता येत नाही.

म्हणूनच आमच्या क्षेत्रात ३-२-१ हा नियम सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. फाइलच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी.

विंडोज ११ मधलं नवीन कुलूप

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून नव्याने विंडोज ११ टाकलं, तर बऱ्याच मशिनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की त्या अकाउंटमध्ये जाते. दुकानात वेळ वाचवायला कुणी स्वतःच्याच अकाउंटने सेटअप केला, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्यांच्याकडे राहते. पुढे कधी मशिनने की मागितली आणि ते अकाउंट सापडलं नाही, तर डिस्क धडधाकट असूनही डेटा मिळणार नाही. म्हणून लॉगिन स्वतःच्या अकाउंटने करा आणि रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा.

कॉम्प्युटर दुकानात देण्याआधी एवढं करा

१. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्ह फायली इकडून तिकडे न्यायला ठीक, वर्षानुवर्षं साठवायला नको.

२. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, फोटो आणि डी ड्राइव्ह कॉपी करा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी ड्राइव्हवरच असतात आणि नेमके तेच विसरले जातात. लाइट ये-जा करत असेल तर इन्व्हर्टरवर किंवा लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना करा.

३. टॅलीचा बॅकअप, फॉन्ट, ड्रायव्हर, इन्स्टॉलर आणि लायसन्स की एका फोल्डरमध्ये ठेवा. 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स'च्या यादीचे मोबाइलवर फोटो काढा.

४. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड तुमच्या अकाउंटला सिंक झालेत का ते तपासा.

५. दाखले, मार्कशीट, सातबारा, प्रोजेक्ट रिपोर्ट अशा छोट्या पण मोलाच्या फायली गूगल ड्राइव्हच्या १५ जीबीत सहज बसतात. वेगळ्या जागची कॉपी म्हणून त्या तिथे टाका. मोठे व्हिडिओ दुसऱ्या डिस्कवर घेऊन मामाकडे किंवा मित्राकडे ठेवले तरी चालेल.

६. डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यातल्या पाच-दहा फायली उघडून बघा. मधूनच निवडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पळवा. कॉपी झाली असं स्क्रीनवर दिसणं आणि फाइल उघडणं यांत फरक आहे.

ही डिस्क कॉम्प्युटरसोबत दुकानात देऊ नका. नवीन विंडोज चालू होऊन तुमचं सगळं काम नीट सुरू झाल्यावरही किमान महिनाभर ती पुसू नका. काय राहून गेलं ते साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं.