साबण कुलपात, कापूस उघड्यावर



अहमदपूर-लोहा-नांदेड रस्त्यावर घटकाभर उभे राहा. साबण, बिस्किटे, टीव्ही बंद कंटेनर गाडीतून जातात. दाराला कुलूप, कुलपाला सील, सोबत पावती आणि विमा. मागून आपला कापूस येतो. उघडा ट्रक, फाटकी ताडपत्री आणि वाटेतल्या बाभळींना लटकलेली आपली वेचणी!

हा फरक फुकटचा नाही. सीसीआयच्या केंद्रावर 8 टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की माल नाकारतात. शेतात वाळवलेला कापूस वाटेतल्या एका सरीने ओला ठरतो. मग व्यापारी म्हणेल तो भाव. पाऊस आभाळातून, तूट आपल्या खिशातून.

सरकारने कापसाच्या गाडीकडे कधी पाहिलेच नाही, असे नाही. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात कापूस आदिलाबादकडे जाऊ नये म्हणून गाड्या अडवल्या. अडवायला माणसे होती, झाकायला कोणी नव्हते.

मग कापूसही कंटेनरमध्ये भरायचा का? नाही. सुटा कापूस फुगीर, पेटीत वजन कमी बसते आणि क्विंटलमागे भाडे वाढते. ओला कोंडला तर तापून पिवळा पडतो. त्याला कोरडी भरणी आणि धड ताडपत्री हवी. पण ज्वारीची वाळलेली पोती आणि जिनिंगच्या 170 किलोच्या गाठी यांना बंद गाडीच योग्य. परतीचे भाडे शोधणारा कंटेनर एकट्याच्या दहा पोत्यांसाठी थांबणार नाही. गावाने दोनशे पोती एकत्र केली तर थांबेल.

आणि पावती! 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्याने पावतीवर माल नेणारा वाहतूकदार नुकसानीला जबाबदार आहे. त्याचा हलगर्जीपणा आपण सिद्ध करावा लागत नाही. भरपाईला भाड्याच्या दहापट ही मर्यादा आहे. जादा जोखीमदर आधी ठरवून भरला तर ती वाढते. साबणवाला हे जाणतो. आपण मात्र गाडी तोंडी ठरवतो आणि नुकसान झाले की नशिबाला बोल लावतो.

तेव्हा या बैठकीत ठराव करा : पावती नाही तर भरणी नाही. फाटक्या ताडपत्रीला भाडे नाही. साबणाला जी इज्जत, ती आमच्या घामाला का नको?