पाळणा हलण्यापूर्वीच हात हवेत

घरात पाळणा हलणार, या वार्तेने सारे कुटुंब हरखून जाते. परंतु होणारे आई-वडील दृष्टिहीन, कर्णबधिर अथवा चाकाच्या खुर्चीवर वावरणारे असतील, तर त्याच वार्तेने आप्तेष्टांच्या कपाळावर आठ्या पडतात. 'यांचे यांना होत नाही, मूल कोण सांभाळणार?' हा प्रश्न काळजीपोटी येत असेल. पण बहुधा तो निकाल म्हणूनच सुनावला जातो.

कायद्याची भूमिका वेगळी आहे. चंडीगडच्या शासकीय संस्थेतील एका बौद्धिक दिव्यांग तरुणीच्या गर्भपाताचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अमान्य केला; मूल होऊ देण्याची तिची इच्छा निर्णायक मानली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी व अपत्यसंगोपनासाठी साहाय्याची तरतूद आहे. मातृवंदना योजनेतही ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या माता पात्र आहेत. मात्र पहिल्या अपत्यासाठी मिळणारे पाच हजार रुपये मध्यरात्री रडणारे बाळ उचलून हाती देत नाहीत. तेथे माणूसच लागतो आणि तो आधी ठरवावा लागतो.

ही तयारी गरोदरपणातच व्हावी. मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झालेल्या स्त्रीला कळा नेहमीसारख्या जाणवतीलच असे नाही. तिचा रक्तदाब अकस्मात धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. म्हणून प्रसूतितज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांची भेट काही आठवडे आधीच हवी. कर्णबधिर मातेसाठी प्रसूतिगृहात सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती हवी. घरी बाळ रडताच दिवा लुकलुकणारे उपकरण तिला जागे करू शकते. खुर्चीवरील पित्याला एका बाजूने उघडणारा, खुर्चीच्या उंचीचा पाळणा सोयीचा. दृष्टिहीन पालकांना तर बाळाच्या पायातले घुंगरांचे वाळेच रांगणाऱ्या मुलाचा ठावठिकाणा सांगतात. औषधाच्या मापावर खाच पाडली की मात्राही चुकत नाही.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत म्हणजे आधाराची व्यवस्थाच होय. पण माहेरची माणसे थकलेली असतील, तर ते दायित्व शेजाऱ्यांनी, महिला मंडळाने आणि आशा सेविकेने मिळून उचलावे. यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मदतनिसाने स्वयंपाक, धुणे, दवाखान्याची धावपळ करावी. बाळाला जोजवणे, न्हाऊ घालणे आई-वडिलांच्या हातूनच होऊ द्यावे, गरज तेथे फक्त हात लावावा. साहाय्याच्या नावाखाली मूलच आपल्याकडे ओढून घेणे ही सेवा नव्हे.

डोहाळजेवणाला सारा गोतावळा जमतोच. ओटी भरून झाल्यावर तेथेच कागद घेऊन, सव्वा महिन्यात कोणत्या दिवशी व कोणत्या रात्री कोण येणार, हे त्या दांपत्याला विचारून लिहून काढावे. त्या मातेला याहून मोलाचा आहेर कोणता?