चलान बापाच्या मोबाईलवर, परवाना पोराच्या खिशात

जून उजाडला की शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांत दुचाकींच्या रांगा लागतात. कॉलेजच्या फाटकावर विचारणा होते, म्हणून गाडी दोन गल्ल्या अलीकडे कुणाच्या तरी कुंपणाला लावायची आणि पुढे चालत जायचे, हे अकरावीच्या मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. गाड्या ११० नाहीतर १२५ सीसीच्या, चालवणाऱ्याचे वय सोळा. सोळाव्या वर्षी कायदा परवाना देतो, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा आणि तोही पालकांच्या संमतीने. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. तेव्हा रस्त्यावर लुना धावत होत्या. आज शोरूममध्ये ५० सीसीची पेट्रोल स्कूटर मागून पाहा. देखरेखीखाली, रीतसर शिकण्याची वाट व्यवहारात बंद झाली आहे आणि बेकायदा वाटेची चावी घरातूनच हातात पडते.

ती वाट कुठवर जाते, हे पुण्याने पाहिले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि महाराष्ट्र संतापला. संताप रास्तच होता. त्या गदारोळात बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले की २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९९अ हे कलम आले आहे. अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

कलम कडक आहे, आणि कल्याणीनगरसारख्या प्रकरणात ते हवेच. पण मैत्रिणीला मागे बसवून क्लासला निघालेली सतरा वर्षांची मुलगी चौकात अडवली गेली, तर तिच्याही पुढे हेच कलम उभे राहते. आठ वर्षे परवाना नाही, वडिलांवर खटला. अशा वेळी चौकात काय घडते, ते रोज दिसते. हवालदार घरी फोन लावायला सांगतो, काका नाहीतर मामा येतात, दोन शब्द सुनावले जातात आणि गाडी परत मिळते. शिक्षा इतकी मोठी की ती उगारायला कुणाचा हात धजत नाही. मुलगी मात्र त्या दिवशी एक गोष्ट शिकून जाते: काही होत नाही.

मग अठरावा वाढदिवस येतो. शिकाऊ परवाना, महिनाभर थांबणे, आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा, आणि पक्का परवाना हातात. त्याच रात्री चार मित्रांना कारमध्ये घेऊन द्रुतगती महामार्गावर निघायला कायद्याची आडकाठी नाही. सुरुवातीचे महिने, रात्रीची वेळ आणि गाडीत समवयस्क मित्र, ही तरुण चालकांसाठी सर्वांत घातक जुळणी असते, हे जगभरच्या अपघात अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आपण ती पहिल्याच दिवशी मोकळी करून देतो.

परवाना निलंबनाची तरतूद आपल्याकडे नाही, असे नाही. दुचाकीवर तिघे बसले किंवा हेल्मेट नसले, तर दंडाबरोबर तीन महिने परवाना अपात्र ठरतो. वेगमर्यादा मोडणे, धोकादायक चालवणे, दारू पिऊन चालवणे, शर्यत लावणे, या गुन्ह्यांत पोलिसांनी परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवावा, असे कलम २०६ सांगते.

आता ई-चलान पाहा. फोटोत गाडी दिसते, तिच्यावर तिघे दिसतात, नंबरप्लेट ठळक असते. मेसेज जातो तो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला, म्हणजे वडिलांना. ते ऑफिसातून पैसे भरतात किंवा लोक अदालतीत तडजोड होईल म्हणून तसेच ठेवतात. गाडीच्या नोंदी ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर, परवान्याच्या ‘सारथी’ या दुसऱ्या पोर्टलवर. दंड गाडीला चिकटतो आणि चालवणाऱ्या पोराचा परवाना कोरा राहतो. पाच वेळा पकडला गेला तरी कोरा. माझा खरा राग या जागेवर आहे.

इतर काही देशांत अटी आणि शिक्षा नव्या चालकाच्या परवान्यालाच चिकटतात. ब्रिटनमध्ये १९९७ पासून नियम लागू आहे: परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत दंडाचे सहा गुण झाले की परवाना रद्द, पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा दोन्ही परीक्षा. हातात मोबाईल धरून गाडी चालवल्यास २०१७ पासून एका फटक्यात सहा गुण लागतात. न्यूझीलंडने १९८७ मध्येच टप्प्याटप्प्याचा परवाना आणला. तिथे मधल्या टप्प्यावरचा चालक रात्री दहा ते पहाटे पाच एकटा गाडी काढू शकत नाही आणि सोबत अनुभवी चालक नसेल तर मित्रांना बसवू शकत नाही. जर्मनीत पहिली दोन वर्षे परिविक्षेची. गंभीर चूक झाली की सक्तीचे प्रशिक्षण आणि आणखी दोन वर्षे.

असे नियम आपल्याकडे आणण्यावर खेड्यातून येणारा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे अठरा वर्षांच्या मुलाची दुचाकी हाच घराचा आधार असतो. शहरात डिलिव्हरीवर घर चालवणाऱ्या पोराचेही तेच. म्हणून तर मला सरसकट बंदीपेक्षा निर्बंध हवे आहेत. दिवसा कामावर जा, आईला दवाखान्यात ने. पण पहिले वर्ष रात्री अकरानंतर मित्रांचे टोळके घेऊन नको. पहिल्या गुन्ह्याला थोडक्या काळाचे निलंबन, पण चुकता न येणारे. पंचविशीपर्यंतची बंदी जीव घेणाऱ्या किंवा जिवावर बेतणाऱ्या गुन्ह्यांसाठी राखून ठेवा.

परिवहन विभागाकडे मागणी एकच आहे: चलान आले की गाडी कोण चालवत होते, हे मालकाकडून लिहून घ्या आणि गुन्हा त्या परवान्यावर नोंदवा. हे होईपर्यंत काम पालकांच्या हातात आहे. पुढचा मेसेज येईल तेव्हा पैसे भरण्याआधी फोटो उघडा, हँडलवर कोण आहे ते पाहा आणि तीन महिने चावी स्वतःकडे ठेवा. हेल्मेट नसण्याला आणि तिघे बसण्याला कायद्यात मुदत तेवढीच लिहिलेली आहे.