फवारण्याआधी मोजा

डोंबिवलीहून सव्वासातची लोकल, ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग आणि साडेआठला बागेच्या फाटकात. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षी मला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ करायचं होतं. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. वर्गातल्या बहुतेकांनी प्रयोगशाळा गाठल्या, मी ठाण्यातली एक सार्वजनिक बाग धरली. विषय : कीड व्यवस्थापन. आई म्हणाली, “एवढं शिकून किडे वेचणार?”

पहिल्याच आठवड्यात घोडचूक केली. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला. पिठ्या ढेकूण! साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन तीन झुडपं घासून काढली. माळीकाका झाडांना पाणी देत होते. त्यांनी पाइप खाली ठेवला आणि बादलीतला एक पांढरा जीव काडीवर उचलला. “अगं, हा पळतोय बघ. पिठ्या असा पळतो का?” भिंगातून पाहिलं. अंगभर मेणाचे लांब धागे, पण खाली सहा पायांची लगबग. ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळी होती. ऑस्ट्रेलियातला हा मित्रकीटक १८९८ मध्ये भारतात आणला गेला. पिठ्या हेच त्याचं आवडतं खाणं. मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याच तीन झुडपांवर पिठ्या सर्वांत जास्त वाढला. सांदीकोपऱ्यात उरलेली पिल्लं वाढत गेली आणि त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं.

माझ्या हातात साबण होता. पंपात कीटकनाशक असलं की हेच सगळ्या बागेत होतं. आमच्या बागेत कीड असो-नसो, पंधरवड्याला फवारणी ठरलेली. फवारणारा तोंडाला रुमाल बांधून, शेजारी आजी-आजोबा फेऱ्या मारताहेत. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, तरी आपण रुमालावरच आहोत. फवारणी झाली की वहीत नोंद, नोंदीवर बिल. गरज नव्हती म्हणून फवारलं नाही, हे लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता.

मग काकांनी आणि मी वेगळी वही केली. आठवड्यातून दोनदा, ठरलेली दहा झुडपं, प्रत्येकाचे चार शेंडे. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या किंवा मावा असणार, हे काकांचं गणित. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खातात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळली. निंबोळी अर्क लागला तो दोनच झुडपांना.

सगळ्याच किड्यांना अभय द्या, असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायी आल्या की दया नको. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी पसरायची आणि सकाळी हातमोजे घालून गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. पण लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली, तर थांबा. ती ब्लू मॉर्मनची असू शकते. २०१५ मध्ये आपण त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत मुलांना फुलपाखरं दाखवायला न्यायचं आणि सोसायटीतल्या लिंबावर त्यांच्याच अळ्यांसाठी पंप काढायचा, हे कुठलं शहाणपण?

कृषी पदवीच्या मुलांना ‘रावे’च्या, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या निमित्ताने गावात राहून शेतकऱ्याकडून शिकता येतं. शहरातल्या आम्हा मुलांचं शेत म्हणजे ही बाग. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी मोठ्या बागांत दर सत्राला जवळच्या कॉलेजांतले दोन-दोन विद्यार्थी घ्यावेत. त्यांनी मोजावं आणि त्या आकड्यांवर फवारणी ठरावी. बिलही फेऱ्यांवर नको, पाहणीवर निघू द्या.

आणखी एक. माझ्या अहवालावर मार्गदर्शकाची सही हवी होती. मी काकांची घेतली. ती चालली नाही. शिक्का असलेल्या साहेबांची लागली, जे १२० तासांत एकदाही जास्वंदीपाशी आले नव्हते. काकांचं नाव ऋणनिर्देशात गेलं, शेवटच्या ओळीत. पुढच्या वर्षी जी मुलं बागेत जातील, त्यांच्या अहवालात ते सहीच्या जागी असावं.