कारागिराला नट करू नका

‘जो दिखता है, वही बिकता है’ हे हिंदी वाक्य नागपुरात आता सुभाषितासारखे वापरले जाते. घरून डबे पुरवणारी गृहिणी असो, शिवणकाम करणारी भगिनी असो, की नळदुरुस्ती करणारा तरुण असो. जो तो त्यांना एकच उपदेश करतो : इन्स्टाग्रामवर या, रोज एक रील टाका, नाहीतर धंदा बुडालाच म्हणून समजा. उपदेश करणाऱ्यांत घरची मुले आहेत, तसेच शुल्क घेऊन ही विद्या शिकवणारे वर्गचालकही आहेत. आमचे स्पष्ट मत असे की, हा उपदेश बव्हंशी चुकीचा आहे आणि त्याची किंमत ज्यांना ती सर्वांत कमी परवडते, त्यांनाच मोजावी लागते.

मनीषनगरचेच उदाहरण घेऊ. वर्धा मार्ग आणि बेसा यांच्यामधली ही वस्ती गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. नोव्हेंबर २०२०मध्ये वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलाबरोबर मनीषनगरचा रेल्वेवरील पूलही सुरू झाला आणि फाटकापाशी ताटकळणाऱ्यांची बरीचशी सुटका झाली. इमारती वाढल्या, भाडेकरू वाढले आणि त्यांच्या गरजा भागवणारे छोटे व्यावसायिकही वाढले. मार्च उजाडला की घरोघरी कूलर खाली उतरतात. ताट्यांतले गवत बदलायचे, पंप बसवायचा, मोटारीला तेलपाणी करायचे, अशी कामे सुरू होतात. हे काम करणारा माणूस दिवसाकाठी किती घरे करील? त्याच्याकडे दोन हात, एक दुचाकी आणि फार तर एक मदतनीस असतो. त्याची चित्रफीत कामठीत किंवा थेट पुण्यात हजारो लोकांनी पाहिली, तर त्याला काय लाभ? कामठीला जाऊन दीडशे-दोनशे रुपयांचे काम करायचे, तर निम्मी मजुरी पेट्रोलातच जाईल. लोणच्याच्या बरण्या पार्सलने परगावी पाठवता येतात, कूलरची दुरुस्ती पाठवता येत नाही. वस्तूच्या बाजाराचा नियम सेवेला लावणे, हीच या उपदेशातली मूळ चूक आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. ही माध्यमे फुकट आहेत, असे सांगितले जाते. २०२३ साली मेटा कंपनीचे उत्पन्न १३४ अब्ज डॉलरांहून अधिक होते आणि त्यातले सुमारे ९८ टक्के जाहिरातींतून आले होते. ज्या दुकानाचा गल्ला असा भरतो, ते कोणाला फुकट का मिरवू देईल? पानावर टाकलेला मजकूर सरासरी १६ टक्के अनुयायांपर्यंतच पोहोचतो, हे फेसबुकनेच २०१२ साली सांगितले होते. उरलेल्यांपर्यंत जायचे तर पैसे मोजा. जाहिरातीची जागा लिलावाने दिली जाते. त्या लिलावात आपला नळदुरुस्तीवाला कोट्यवधींचे भांडवल असलेल्या कंपन्यांच्या शेजारी उभा असतो. शिवाय या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. मोठी कंपनी तो कर वळता करून घेते. वर्षाला वीस लाखांहून कमी उलाढाल असलेला, नोंदणी नसलेला कारागीर मात्र तो खिशातूनच भरतो.

तिसरी गोष्ट, ही जागा आपली नसते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा त्यांवर कष्टाने जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही माध्यमे जगभर सुमारे सहा तास ठप्प होती. ज्याच्या वहीत गिऱ्हाइकांचे क्रमांक लिहिलेले होते, त्याला फोन तरी करता आला.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा पाहू. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुन्या मोहल्ल्यात माणूस माणसाला ओळखत होता. आजच्या वसाहतीत अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू येतात आणि जातात. अशा ठिकाणी नव्याने डबे सुरू करणाऱ्या बाईची शिफारस कोण करणार? तिला भाड्याने गाळा घेणे शक्य नाही. या माध्यमांनी तिला बिनभाड्याची पाटी दिली, हे खरेच आहे. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची आपली म्हणही तिच्याच बाजूने उभी राहील.

पण तिला हवी आहे ती पाटी, रंगमंच नव्हे. गुगलच्या नकाशावर नाव, वेळ आणि फोन नोंदवायला पैसे पडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायांसाठीची आवृत्ती जानेवारी २०१८मध्ये आली, तीही विनामूल्य आहे. तीत पदार्थांची यादी, दर आणि कामाच्या वेळा मांडता येतात. एका दुपारी हे काम उरकते. त्यानंतर रोज संध्याकाळी गाण्याच्या तालावर डबा फिरवून दाखवण्याची तिला गरज उरत नाही. तो वेळ तिने भाजी निवडण्यात घालवला, तर गिऱ्हाईक टिकेल. नवा भाडेकरू इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारतो, “चांगला डबा कोणाकडे मिळेल?” आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उत्तर देतात, “आमच्याकडे दोन वर्षे त्याच ताईंचा येतो, कधी खाडा नाही.” या एका ओळीचे वजन हजार अनोळखी पसंत्यांना येणार नाही. समाजमाध्यमाचा खरा उपयोग तो हाच. आणि तिथे बोलायचे असते ते गिऱ्हाइकाने.

म्हणूनच ही शिफारस नासवणाऱ्या चालींचा निषेध केला पाहिजे. पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय ही सरळसरळ खोटी साक्ष आहे. त्यांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानकही तयार केले, परंतु ते ऐच्छिक स्वरूपात आले. नवरीचा मेकअप किंवा शिकवणीतली लहान मुले यांची छायाचित्रे न विचारता लावणे हाही तसाच अपराध. गिऱ्हाइकाने घराचे दार उघडले ते कामासाठी; त्याचे घर जगाला दाखवण्याची परवानगी त्यात येत नाही.

वाचकहो, शेवटी जबाबदारी आपल्याकडे येते. कारागिराच्या मजुरीत घासाघीस करायची, पैसे पुढच्या महिन्यावर ढकलायचे आणि वर “तुझी जाहिरात करून देतो” म्हणत सूट मागायची, हे शोभत नाही. ज्याने आपला कूलर नीट केला, त्याचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. शेजाऱ्याने विचारले तर त्याचे नाव सांगावे, आणि काम वाईट झाले असेल तर आधी त्यालाच तसे सांगावे. मग त्याला आपल्यासमोर नाचून दाखवावे लागणार नाही.